पिठाचा कोंबडा आणि ॲक्रिलिकचा कोल्हा

(दादर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय पत्रिकेवर वाचून काही जणांना वाटलं असेल की म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मुंबईत फर? आपल्याकडे जानेवारीत पारा जरा खाली आला की आपण कानटोपी काढतो आणि दोन दिवसांनी परत पेटीत टाकतो. (हशा) तेव्हा नकली फर नैतिक आहे का, पर्यावरणाला धरून आहे का, ही चर्चा दादरमध्ये कशाला? प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी हा विषय आमच्याकडे कसा आला ते सांगतो.

आमची नात कॅनडात शिकते. मागच्या हिवाळ्यात तिने व्हिडिओ कॉलवर नवा कोट दाखवला. गुडघ्यापर्यंत लांब, करड्या रंगाचा, कॉलरला आणि बाह्यांना दाट केस. आम्ही दचकलो. ती हसली, म्हणाली, "आजोबा, खोटा आहे. एकही प्राणी मारलेला नाही. आणि सस्टेनेबल आहे, लेबलवर लिहिलंय. चांगलं केलं ना?" आम्ही लगेच म्हणालो, "छान केलंस." फोन ठेवला आणि मग वाटलं, तीस-पस्तीस वर्षं आम्ही मुलांना नीतिशास्त्र शिकवलं, पेपरात न वाचता ठोकून दिलेल्या उत्तराला गुण कापले, आणि इथे स्वतः काय केलं? लेबल वाचून उत्तर दिलं. तेही लेबल आम्ही वाचलं नव्हतं, तिने वाचलं होतं.

पुढे काही दिवसांनी लोअर परळला एका कामासाठी गेलो होतो. फिनिक्स मिलच्या जागेवर जो मॉल झाला आहे, त्यात थंड हवेसाठी आत शिरलो. एका दुकानाच्या काचेत तसंच जाकीट होतं. बाहेर माणसं घामाने निथळतायत आणि आत कोल्ह्यासारखं जाकीट. आमचे वडील तिथून जवळच एका गिरणीत साचे खात्यात होते. कापड म्हणजे काय, ते कोणाच्या हातून जातं, हे आमच्या घरात पुस्तकातून आलेलं ज्ञान नव्हे. वडिलांच्या कानात ऐकू येणं कमी झालं होतं, ते साच्यांच्या आवाजाने. तेव्हा त्या काचेसमोर उभं राहून आम्हाला वाटलं की नातीला दिलेलं उत्तर आपण नीट तपासलं पाहिजे. आजचं बोलणं म्हणजे ती तपासणी.

आपल्या दर्शनांची एक चांगली शिस्त आहे. आधी पूर्वपक्ष मांडायचा, आणि तो असा मांडायचा की प्रतिपक्षाने स्वतः म्हणावं, हो, आमचं म्हणणं हेच आहे. तेव्हा नकली फरच्या बाजूने जे बोलता येईल ते आधी पूर्ण बोलू.

खरी फर कशी येते? बहुतेक जंगलातून येत नाही, पिंजऱ्यातून येते. मिंक हा मुंगसाच्या चणीचा, पाण्यात रमणारा प्राणी, तो तारेच्या अरुंद पिंजऱ्यात जन्म काढतो. कोल्हे तसेच. कातड्याला भोक पडू नये म्हणून विषारी वायूने किंवा विजेच्या धक्क्याने मारतात. २०२० च्या नोव्हेंबरात डेन्मार्कमध्ये मिंकांत कोरोनाचा बदललेला विषाणू आढळला तेव्हा तिथल्या सरकारने सगळ्या देशातले मिंक मारायला काढले, दीड कोटींहून अधिक. त्या वेळी पुष्कळांना पहिल्यांदा कळलं की एका छोट्या देशात इतके प्राणी केवळ कॉलरसाठी पाळले जातात. ब्रिटनने फरसाठी प्राणी पाळण्यावर २००० साली कायद्याने बंदी घातली. गुचीसारख्या बड्या घराण्याने २०१७ मध्ये फर सोडत असल्याचं जाहीर केलं. इस्रायलने २०२१ मध्ये फॅशनसाठी फर विकण्यावर बंदी आणली. आपल्या सरकारनेही जानेवारी २०१७ मध्ये मिंक, कोल्हा, चिंचिला यांच्या कातड्यांची आयात बंद केली.

या सगळ्यात नकली फरचा वाटा नाही असं कोण म्हणेल? माणसाला एखादी गोष्ट सोड म्हणणं सोपं, पण हातात दुसरं काही दिलं तर तो लवकर सोडतो. पूर्वपक्ष म्हणतो, ऊब तीच, देखणेपण तेच, किंमत कमी, आणि पिंजरा नाही. मग हरकत कशाला? पीटर सिंगर यांचं 'ॲनिमल लिबरेशन' १९७५ चं. त्याच्या आधी दोनशे वर्षं बेंथॅमने विचारलं होतं की प्राण्याला बुद्धी आहे की नाही हा प्रश्न गौण, त्याला वेदना होते की नाही ते बोला. या कसोटीवर नकली फर एकदम उत्तीर्ण होते. ॲक्रिलिकला वेदना होत नाही.

हा पूर्वपक्ष आम्हाला मान्य आहे. पिंजऱ्यातली फर आणि नकली फर यांत निवड करायची असेल तर आम्ही क्षणभरही घोटाळणार नाही. पण नातीचं वाक्य आठवा. तिच्या वाक्यात दोन दावे होते. एक, कोणी मारलं गेलं नाही. दुसरा, हे सस्टेनेबल आहे. बाजारात हे दोन्ही दावे एकाच लेबलवर शेजारी शेजारी छापतात, त्यामुळे पहिल्याचं पुण्य दुसऱ्याच्या खात्यावर आपोआप जमा होतं. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात की एका विधानाचा पुरावा दुसऱ्या विधानाला लागू होत नाही. म्हणून ते वेगळे काढू.

दुसरा दावा आधी घेतो, कारण तो सोपा आहे.

नकली फर म्हणजे काय वस्तू आहे? मुख्यतः ॲक्रिलिक, मोडॲक्रिलिक, नाहीतर पॉलिएस्टर. अमेरिकेत १९५० च्या सुमाराला ऑरलॉन, डायनेल अशा नावांनी हे धागे बाजारात आले आणि त्यातून आजची नकली फर घडली. ती करण्याची रीत आमच्या वडिलांना आवडली असती. सूतकताईत आपण ज्याला पेळू म्हणतो, तसा तंतूंचा पेळू गोल विणकाम यंत्रात पाठीच्या जाळीत अडकवत जायचा, वर केस उभे राहतात, मग ते कातरायचे, विंचरायचे, उष्णता देऊन गुळगुळीत करायचे. काही केस लांब आणि ताठ, काही आखूड आणि मऊ, कारण खऱ्या प्राण्याच्या अंगावर दोन थर असतात. कारागिरी थोर आहे, यात शंका नाही. पण माल कुठून आला? खनिज तेलातून.

आता मराठीत पाहा. सस्टेनेबलला आपण कधी 'शाश्वत' म्हणतो, कधी 'टिकाऊ'. दोन्ही शब्द इथे अडचणीत येतात. ॲक्रिलिक टिकाऊ आहे का? कोट म्हणून फार नाही. दोन-चार हिवाळ्यांत केस गुंततात, गाठी होतात, चमक जाते, आणि मालकीणबाई कंटाळतात. पण वस्तू म्हणून? वस्तू म्हणून ते खरोखर शाश्वत आहे. ते कुजत नाही, मातीत मिसळत नाही. गीतेतल्या आत्म्याची लक्षणं त्याला लागू पडतात असं आम्ही वर्गात म्हणायचो. फक्त शस्त्राने कापलं जातं आणि अग्नीत वितळतं एवढाच फरक. (हशा) म्हणजे उपयोगाचं आयुष्य लहान आणि कचऱ्याचं आयुष्य अफाट. याला शाश्वत विकास म्हणणं ही भाषेची थट्टा आहे.

आणि ते संपूर्ण राहतही नाही. कृत्रिम कापड धुतलं की बारीक तंतू सुटतात, पाण्यातून जातात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१७ साली एक अहवाल काढला. मूळ रूपातच सूक्ष्म असलेलं जे प्लास्टिक समुद्रात जातं, त्यातलं सुमारे ३५ टक्के कृत्रिम कपड्यांच्या धुण्यातून जातं असा त्यांचा अंदाज आहे. समुद्रात म्हणजे कुठे तर माशात, बोंबलात, कोळंबीत. कॅनडातला कोट कॅनडाच्या पाण्यात, आपला टेरिकॉटचा शर्ट गिरगावच्या पाण्यात. कोट एकाही प्राण्याला न मारता तयार झाला, हे वाक्य कारखान्याच्या दारापर्यंत खरं आहे. दाराबाहेर काय झालं ते लेबलवर नसतं.

इथे फरचे व्यापारी लगेच टाळ्या वाजवतात. म्हणतात, बघा, आमची फर नैसर्गिक, कुजणारी, आजीचा कोट नात घालते. त्यांनाही सांगावं लागतं. पिंजऱ्यातल्या मांसाहारी प्राण्याला रोज मांस-मासळी घालावी लागते, त्याची विष्ठा कुठेतरी जाते, आणि कातडं कुजू नये म्हणूनच त्यावर रसायनांची प्रक्रिया करतात. जे कुजू नये म्हणून तुम्ही खटपट करता ते कुजतं म्हणून कौतुक सांगू नका. तेव्हा दुसऱ्या दाव्याचा निकाल असा की दोघेही नापास, एक वेगळ्या विषयात, दुसरा वेगळ्या.

आता पहिला दावा, नीतीचा. हा अवघड आहे आणि याच्यासाठी आम्ही तुम्हाला दहाव्या शतकात नेणार आहोत.

जैन साहित्यात यशोधर राजाची कथा आहे. पुष्पदंताने ती अपभ्रंशात लिहिली, 'जसहरचरिउ'. तो राष्ट्रकूटांच्या मान्यखेटला होता, म्हणजे आजचं मालखेड, कलबुर्गी जिल्ह्यातलं. त्याच शतकात सोमदेवसूरीने संस्कृतात 'यशस्तिलक' लिहिलं, ते ९५९ सालचं. कथा अशी. यशोधर उज्जयिनीचा राजा. त्याला अशुभ स्वप्न पडतं. आई सांगते, देवीला पशुबळी दे. राजा अहिंसेचा, तो नको म्हणतो. आई हट्ट धरते. शेवटी तडजोड होते. पिठाचा कोंबडा करायचा, आणि तोच कापायचा. राजा तो कापतो, प्रसाद म्हणून खातोही. कोणी मेलं नाही. रक्ताचा थेंब नाही. तरी कथेत आईला आणि मुलाला त्या कृत्यापायी जन्मोजन्म पशुपक्ष्यांच्या योनीत फिरावं लागतं.

आम्ही ही कथा वर्गात सांगायचो तेव्हा मुलं रागवायची. म्हणायची, सर, हा अन्याय आहे, पिठाचाच होता ना! पण कथा लिहिणाऱ्याला नेमकं हेच विचारायचं आहे. जैन विचारात द्रव्यहिंसा आणि भावहिंसा असा भेद आहे. प्रत्यक्ष जीव जाणं वेगळं आणि मारण्याचा भाव मनात धरणं वेगळं. राजाने सुरी उचलली तेव्हा त्याच्या मनात पीठ नव्हतं, कोंबडा होता. पीठच हवं असतं तर त्याला कोंबड्याचा आकार कशाला दिला असता?

याच्या उलट बाजूनेही आपल्याकडे बोललं गेलं आहे. माध्व संप्रदायाने यज्ञात पिष्टपशू, म्हणजे पिठाचा पशू, मान्य केला. त्यांचं म्हणणं, शास्त्राची आज्ञाही राहिली आणि जीवही वाचला. त्यावर वैदिक पंडितांत पुष्कळ वाद झाले. म्हणजे नकली फरचा वाद आपल्याला नवा नाही. हजार वर्षं आपण पिठाचा कोंबडा चालेल की नाही यावर भांडतो आहोत.

आता आमच्या घरातली गोष्ट. आमचं मूळ गाव कोकणात. वर्षातून एकदा राखणदाराला कोंबडा द्यायची चाल. आजोबा द्यायचे. वडील लालबागला राहायला आले, तिथल्या भजनात बसू लागले, आणि पुढे गळ्यात माळ घातली. माळकऱ्याने कोंबडा कसा कापायचा? आणि राखण न देऊन गावच्या लोकांना कसं तोंड द्यायचं? वडिलांनी नारळ दिला. भाऊबंद कुरकुरले, पण वडील ठाम राहिले.

या नारळाकडे आम्ही फार वर्षांनी नीट पाहिलं. नारळ कोंबड्यासारखा दिसत नाही. वडिलांनी त्याला तुरा लावला नाही, चोच काढली नाही. त्यांनी देवाला एवढंच सांगितलं की ते देणं संपलं, आता हे घे. पिठाचा कोंबडा आणि नारळ, दोन्ही पर्यायच आहेत, दोन्हींत जीव वाचतो. पण पिठाचा कोंबडा म्हणतो, कोंबडाच हवा होता, मिळाला नाही म्हणून हे. नारळ म्हणतो, कोंबडा नकोच होता.

नकली फर ही पिठाच्या कोंबड्याच्या बाजूला पडते. तिची सगळी कारागिरी कोल्ह्यासारखं दिसण्यात खर्च होते. ऊब हवी तर कापूस भरलेलं जाकीट आहे, लोकर आहे, पंजाबात आणि काश्मिरात माणसं शतकानुशतकं थंडीत जगत आलीच आहेत. नकली फर ऊबेपेक्षा वेगळं काहीतरी देते. फर म्हणजे श्रीमंती, फर म्हणजे दिमाख, हे जे जुनं समीकरण आहे ते ती तसंच जिवंत ठेवते.

याने प्रत्यक्ष काय बिघडतं? एक घडलेली गोष्ट सांगतो. २०१३ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तीन विक्रेत्यांवर कारवाई केली, कारण त्यांनी खरी फर 'नकली' म्हणून विकली होती. ऐकताय ना? खऱ्याला खोटं म्हणून विकलं. आपण तुपात वनस्पती मिसळल्याच्या बातम्या वाचत मोठे झालो, इथे वनस्पतीच्या डब्यात तूप निघालं. (हशा) पण हसण्यावारी नेऊ नका. दया म्हणून ज्या बाईने नकली घेतली तिच्या अंगावर खऱ्या प्राण्याचं कातडं होतं आणि तिला पत्ता नव्हता. नक्कल इतकी हुबेहूब झाली की अस्सल तिच्या आड लपू शकलं. नारळाच्या आड कोंबडा लपत नाही.

इतकं सगळं आम्ही मनात जुळवलं आणि मोठ्या उत्साहाने नातीला फोन केला. यशोधराची कथा सांगितली, नारळ सांगितला. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "आजोबा, पण मला कोल्हा दिसतच नाही. मी खरी फर कधी पाहिलीही नाही. मला मऊ कापड दिसतं. राजाच्या मनात कोंबडा होता, माझ्या मनात कोल्हा कुठे आहे?"

मंडळी, आमची बोलती बंद झाली. कारण भावहिंसेची कसोटी आम्हीच आणली होती, आणि त्या कसोटीवर ती निर्दोष सुटत होती. मनात कोल्हा नसेल तर भाव नाही, भाव नाही तर दोष नाही. आम्हाला मान्य करावं लागलं की पिठाच्या कोंबड्याचा युक्तिवाद तिच्यावर लागू होत नाही. तो लागू होतो बनवणाऱ्यावर, ज्याने तो कोट कोल्ह्यासारखा केला, आणि विकणाऱ्यावर, ज्याने कोल्ह्याचा दिमाख आणि दयेचं समाधान दोन्ही एका किमतीत विकलं. विकत घेणारी पोर त्यात सर्वांत कमी दोषी. आम्ही मात्र सर्वांत आधी तिलाच धरलं होतं. नीतिशास्त्र शिकवणाऱ्यांची ही जुनी खोड आहे, समोर जो असेल त्याला धरायचं.

मग आम्ही स्वतःच्या घराकडे वळलो.

आमच्या पत्नीचं माहेर गिरगावातलं, चाळीतलं. सासूबाईंचं सोवळं कडक. सुती वस्त्र धुऊन, कोणी न शिवता वाळवलेलं असेल तरच सोवळ्याचं. पण रेशमी मुकटा, कद किंवा लोकरीची धाबळी, ती मुळातच पवित्र. आम्ही लग्नानंतर एकदा विचारलं, कापूस तर झाडाचा, निरुपद्रवी, आणि रेशमासाठी कोश उकळत्या पाण्यात टाकतात, आत किडा असतो, एका साडीला असे कित्येक हजार. मग पवित्र कोणतं? सासूबाई म्हणाल्या, "प्रोफेसर, पूजेच्या वेळी असलं बोलू नये." (हशा) आम्ही गप्प बसलो आणि आजही मंगलकार्यात रेशीमच नेसतो. तेव्हा कोल्ह्याच्या नावाने आम्ही गळा काढायचा आणि किड्याबद्दल मौन पाळायचं, हे काही खरं नाही. कोल्ह्याला डोळे आहेत, तो आपल्याकडे बघतो. कोशातला किडा बघत नाही. आपली दया बरेचदा डोळ्यांना डोळे भिडण्यावर चालते.

आज तुम्ही हिंदमाताला जा, सोवळं मागा. दुकानदार पॉलिएस्टरचं रेशमासारखं चमकणारं सोवळं काढतो. स्वस्त, घरी धुता येतं. म्हणजे घरोघरच्या देवघरात नकली फरचा धाकटा भाऊ केव्हाच येऊन बसला आहे. किडे वाचले, पण कोणी किड्यांसाठी ते घेतलं नाही, परवडतं म्हणून घेतलं. त्याच्यावर 'अहिंसक' असं लेबल कोणी लावलेलं नाही. उद्या लावलं तर तेच कापड जास्त पैशाला विकलं जाईल, याची आम्हाला खात्री आहे.

या शहराचा दयेचा इतिहास फार मोठा आहे. १८३२ साली कंपनी सरकारने भटके कुत्रे मारायला काढले तेव्हा मुंबईत पारशी आणि इतर लोकांनी दंगा केला, शहर बंद पाडलं. त्यानंतर दोन वर्षांनी भुलेश्वरला पांजरापोळ उभी राहिली, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने. आणि परळचं बैलघोड्याचं हॉस्पिटल आपण सगळे ओळखतो. बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाने १८८० च्या दशकात ते सुरू झालं. सर दिनशा पेटिट हे मोठे गिरणीमालक. जखमी बैलाला, घोड्याला आसरा मिळावा ही भावना अतिशय उदात्त, आणि ते रुग्णालय आजही काम करतं, त्याला आमचा नमस्कार.

पण त्याच दशकात, त्याच परिसरात नारायण मेघाजी लोखंडे काय मागत होते? त्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना काढली. मागणी काय, तर आठवड्याला एक सुट्टी. बैलघोड्याला रुग्णालय झालं, माणसाला रविवार मिळायला १८९० साल उजाडलं. आम्ही कोणा एका दात्याला बोल लावत नाही. त्या काळच्या सगळ्याच गिरण्यांची स्थिती तशी होती. आम्हाला एवढंच दाखवायचं आहे की करुणा एका बाजूला खूप प्रखर असू शकते आणि शेजारच्या खोलीत दिवा नसू शकतो. नकली फरचं लेबल वाचताना आम्हाला हेच आठवतं. त्यावर प्राण्याबद्दल लिहिलेलं असतं. ज्या बाईने तो कोट शिवला, ती किती तास बसली, तिच्या छातीत ते तंतू किती गेले, तिला किती मिळाले, याबद्दल एक अक्षर नसतं. 'क्रूरतामुक्त' हा शब्द छापायचा तर त्यात माणूस धरायचा की नाही?

कृत्रिम धागा आणि गिरणगाव यांचं नातं तर आम्ही भोगलं आहे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. वडील त्यात गेले ते पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत. गिरण्या का बुडाल्या याला कारणं अनेक आहेत. जुनी यंत्रं, भिवंडीचे यंत्रमाग, जमिनीचे भाव. पण एक कारण हेही की लोकांना सुती नको झालं होतं, टेरिकॉट हवं होतं. त्याच सुमाराला पाताळगंगेला पॉलिएस्टर सुताचा मोठा कारखाना उभा राहिला आणि १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याला मोकळी वाट दिली. आम्ही स्वतः पहिल्या पगारात टेरिकॉटची पँट शिवली होती. वडिलांनी कापड दोन बोटांत धरून पाहिलं आणि विचारलं, "याला घाम कुठं जातो?" एवढंच. ते गिरणीबद्दल बोलत नव्हते, कापडाबद्दलच बोलत होते. पण आम्हाला तो प्रश्न अजून पुरतो. कोणतीही वस्तू समोर आली की विचारावं, याचा घाम कुठं जातो? कोणाचा घाम आत आला आणि वापर झाल्यावर हे कुठं जाणार?

आता सिद्धान्त. तो छोटा आहे.

'नैतिक' हे विशेषण वस्तूला लागत नाही, व्यवहाराला लागतं. कोट नैतिक नसतो. तो कशापासून केला, कोणी केला, किती दिवस वापरला, शेवटी कुठे टाकला, या सगळ्या साखळीला मिळून आपण बरंवाईट म्हणू शकतो. नकली फर या साखळीतली एक कडी, पिंजऱ्याची, तोडते. ते श्रेय तिला पूर्ण द्यावं. बाकीच्या कड्या ती तशाच ठेवते, आणि लेबल वाचून आपल्याला वाटतं की साखळीच तुटली.

आमच्या लहानपणी चाळीत बोहारीण यायची. डोक्यावर पाटी, पाटीत भांडी. ती जुना कपडा अंगठा आणि बोट यांच्यात चोळून पाहायची, मग सांगायची, याच्यावर वाटी देते, पातेलं नाही. जरीची साडी आहे का, विचारायची. उरलेल्या सुती लुगड्यांची गोधडी व्हायची, गोधडीचं पायपुसणं, पायपुसण्याचं चुलीत घालायचं चिरगुट. कोणी त्याला सस्टेनेबल म्हटलं नव्हतं. ती गरिबी होती, तिचं कौतुक करण्यात अर्थ नाही, आमच्या आईला विचारलं असतं तर तिने नवी चादरच मागितली असती. पण त्या बाईला वस्तूचं पुढचं आयुष्य बोटांनी कळत होतं. आपल्याला लेबल वाचूनही कळत नाही.

नातीशी तिसऱ्यांदा बोलणं झालं. ती वैतागून म्हणाली, "मग आता काय करू? टाकून देऊ?" आम्ही म्हणालो, मुळीच नको. टाकणं हाच यातला सर्वांत वाईट पर्याय. वापर. दहा वर्षं वापर. उगाच धुऊ नकोस, झटक, वाऱ्यावर टाक. कॉलर गेली तर दुसरी लाव. पुढचा घेशील तेव्हा आधी विचार, ऊब हवी आहे की कोल्हा. ती म्हणाली, "उणे वीसमध्ये उभं राहून बघा, आजोबा, मग सांगा." तेही बरोबर आहे. पंख्याखाली बसून थंडीचं नीतिशास्त्र सांगणं सोपं असतं.

(यानंतर श्रोत्यांनी प्रश्न विचारले. त्यांतले दोन येथे दिले आहेत.)

एका ताईंचा प्रश्न: तुमच्या हिशेबाने जास्त वर्षं टिकते म्हणून खरी फर बरी, असा अर्थ कोणी काढणार नाही का?

काढतील, म्हणून स्पष्ट सांगतो. नाही. पिंजरा टिकाऊपणाने माफ होत नाही. ज्याचं आयुष्य गेलं त्याला कोट चाळीस वर्षं टिकला याचा काय उपयोग? शहतूशचं उदाहरण घ्या. ती शाल पिढ्यान् पिढ्या टिकते, अंगठीतून जाते, सगळं खरं. पण एका शालीसाठी तीन ते पाच चिरू हरणं मारावी लागतात, म्हणून तिच्यावर बंदी आहे आणि ती योग्य आहे. त्याच काश्मिरात पश्मिना आहे, ती जिवंत शेळीला विंचरून काढतात. तिसरा मार्ग असतो, तो शोधायचा कंटाळा करू नये.

एका ज्येष्ठ गृहस्थांचा प्रश्न: आम्ही जैन. यशोधराची कथा आम्ही लहानपणापासून ऐकली. पण तुम्ही नातीला निर्दोष सोडलंत. न कळत केलेल्याला दोष नाही का?

आपला प्रश्न आमच्यापेक्षा खोल गेला. बेसावधपणा हाही दोषच, असं आपले आचार्य म्हणतात, प्रमाद म्हणतात त्याला. तेव्हा ती पूर्ण सुटत नाही, आणि आम्ही तर नाहीच सुटत. 'छान केलंस' असं आम्ही न पाहता म्हणालो होतो, तो प्रमाद आमचा. तो कबूल करायला आज उभे राहिलो.